नऊ माणसांच्या घरातल्या उवा आणि तीन बाजारांचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, एकत्र घर, माणसं नऊ: सासू-सासरे, दोघे भाऊ, दोघी जावा, विचारणाऱ्या ताईंच्या दोन मुली आणि जावेचा मुलगा. दिवाळीच्या सुट्टीत आश्रमशाळेतली भाची राहून गेली, त्याच आठवड्यात पोरी डोकं खाजवायला लागल्या. दुकानातून आणलेला उवांचा शाम्पू दोनदा लावून झाला. दर वेळी आठ-दहा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, टक्कल करून टाका. दीर म्हणतात, फवारणीच्या औषधाचे चार थेंब तेलात टाकून लावा, एका दिवसात साफ. शाळेत धाकटीला मागे एकटीला बसवतात. कापूस फुटलाय, सकाळी सातला वावरात जावं लागतं. यातून वाट कशी काढायची?

ताई, आधी दिरांच्या औषधाचं बोलू. बाकीचं चार दिवस थांबलं तरी काही बिघडत नाही, पण ती बाटली आजच घरातून हलवा आणि पोरींचा हात पोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवा.

कपाशीवर मारायची बरीचशी औषधं कातडीतून अंगात उतरतात. खाजवून खाजवून पोरींच्या डोक्याला ओरखडे पडलेले असतात, तिथून तर आणखी लवकर. २०१७ च्या खरिपात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्यांनी औषध प्यायलेलं नव्हतं. अंगावर उडालं, कपडे भिजले, श्वासातून गेलं. धडधाकट गड्याची ही गत झाली, तिथे वीस किलोच्या पोरीच्या डोक्याला तेच औषध तेलात कालवून चोळायचं आणि वरून कपडा बांधून झोपवायचं म्हणजे काय, याचा विचार करा. थेंब चार की दोन, यानं फरक पडत नाही.

यात एक घोळ शिकलेल्या पोरांकडूनही होतो. उवांच्या लोशनवर ‘परमेथ्रिन’ असं लिहिलेलं असतं आणि कपाशीच्या बाटलीवर ‘सायपरमेथ्रिन’. नावं जुळतात म्हणून कुणीतरी मोबाइलवर बघून सांगतं की दोन्ही एकच. एकच नाहीत. डोक्याला लावायच्या लोशनमध्ये परमेथ्रिन एक टक्का असतं आणि ते माणसाच्या कातडीसाठी बनवलेलं असतं. शेतीच्या बाटलीत औषध कितीतरी जहाल असतं, शिवाय ते विरघळवायला वापरलेले द्रावही विषारी असतात, आणि पुष्कळदा त्यात दुसरंच एखादं कीटकनाशक मिसळलेलं असतं. बैलांच्या गोचिडांवर आणलेल्या औषधालाही हाच नियम. तेही डोक्याला नाही. झुरळांचा फवारा नाही, मुंग्यांचा खडूही नाही.

आणि हे वाचायच्या आधीच कुणी लावून बसलं असेल, तर लक्षणांची वाट बघू नका. कपडे काढा, हातात प्लास्टिकची पिशवी किंवा हातमोजे घालून साबणानं आणि भरपूर वाहत्या पाण्यानं डोकं पुन्हा पुन्हा धुवा, औषधाची बाटली सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. तोंडातून लाळ, खूप घाम, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, अंग फडफडणं, दम लागणं, पोर गुंगीत जाणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन. घरचा काढा-बिढा काही पाजू नका.

आता उवांकडे वळू.

मी शाळा-अंगणवाडी तपासणीच्या पथकात डॉक्टर म्हणून गावोगाव फिरते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. पोरींच्या वेण्या बाजूला करून कानामागे बघायची सवय झालीय. त्यावरून सांगते, ‘औषध लागूच होत नाही’ असं म्हणणाऱ्या बहुतेक घरांत औषध लागू झालेलं असतं. चुकलेली असते ती औषधाची दुसरी पाळी, म्हणजे ठरल्या दिवशी पुन्हा औषध लावणं. आणि घरातली दोन-तीन डोकी बघायची राहिलेली असतात.

तुम्हीच लिहिलंय की आठ-दहा दिवस बरं वाटतं. उत्तर त्यातच आहे. ऊ केसाच्या मुळाशी, डोक्याच्या कातडीला लागून लीख चिकटवते. त्या लिखेतून सात ते दहा दिवसांत पिल्लू बाहेर पडतं. ते पिल्लू नऊ ते बारा दिवसांत मोठं होऊन स्वतः लिखा घालू लागतं. मोठी मादी डोक्यावर महिनाभर जगते आणि दिवसाला सहा ते आठ लिखा घालते. तुम्ही शाम्पू लावता तेव्हा चालत्या उवा मरतात, लिखा बऱ्याचशा तशाच राहतात. आठवड्यानं त्यातून नवी पिल्लं निघतात. तोवर तुम्हाला वाटतं, गेलं संकट. मग खाज सुरू झाल्यावर दुसरी बाटली आणता, पण तोपर्यंत पिल्लं मोठी होऊन त्यांनी लिखा घातलेल्या असतात. म्हणजे तुमची दुसरी बाटली ही दुसरी पाळी नव्हतीच. ती पुन्हा पहिलीच होती.

परमेथ्रिनची दुसरी पाळी नवव्या दिवशी सगळ्यात चांगली बसते. पण वेचणीच्या दिवसांत नववा दिवस कोण मोजत बसणार? बाया मला तोंडावर सांगतात, “मॅडम, दिवसा डोस्कं पाहाले टाईम कोनाले हाये?” खरं आहे त्यांचं. सकाळी अंधारात स्वयंपाक, दिवसभर कंबरेला ओटी बांधून वेचणी, संध्याकाळी बल्बच्या उजेडात लीख दिसत नाही. आठवड्यात एकच दिवस असा असतो की मजुरी बंद, माणसं घरी आणि सकाळचं ऊन हाताशी. बाजाराचा दिवस. तेव्हा आपण बाजारानंच मोजू.

या बाजारी पहिली पाळी, पुढच्या बाजारी दुसरी, त्याच्या पुढच्या बाजारी तिसरी. शून्य, सात आणि चौदा असे दिवस होतात, आणि बालरोगतज्ज्ञही नवव्या दिवसाला पर्याय म्हणून हेच वेळापत्रक मान्य करतात. हिशेब बघा. पहिल्या दिवशी मोठ्या उवा मेल्या. सातव्या दिवसापर्यंत निघालेली पिल्लं दुसऱ्या पाळीत मेली, ती अजून लिखा घालण्याइतकी मोठी झालेली नव्हती. ज्या लिखा उशिरा, म्हणजे आठव्या ते दहाव्या दिवशी फुटल्या, त्यांची पिल्लं चौदाव्या दिवशी चार-सहा दिवसांचीच असतात. तीही लिखा घालायच्या आत गेली. साखळी तुटली. दुसऱ्या बाजारी डोकं स्वच्छ दिसतंय म्हणून पाळी टाळाल, तर सगळं पाण्यात.

पहिल्या बाजारी सकाळी पोरी शाळेत जायच्या आधी अंगणात उन्हात पाट मांडा आणि घरातलं एकेक डोकं बघा. सगळी नऊ. पुरुषांचे केस बारीक असतात, दोन मिनिटांचं काम आहे, पण बघा. आणि आजीचं डोकं आधी बघा. हे मी मुद्दाम सांगते. एकत्र घरात नाती आजीजवळ झोपतात, एकाच बाजेवर, डोक्याला डोकं लावून. आजीचा अंबाडा कुणी सोडून बघत नाही, कारण ती वडीलधारी, तिला कसं म्हणायचं? आणि तिला खाजही येत नसते, कारण वर्षानुवर्षं थोड्याशा उवा डोक्यात असलेल्या माणसाला त्यांची सवय झालेली असते. पोरी साफ करायच्या आणि रात्री पुन्हा आजीकडे झोपवायच्या, असं चालू राहतं. सासूबाईंना ‘तुमच्या डोक्यात आहेत’ असं म्हणूच नका. “आई, सगळ्यांचंच पाहून राहिलो, बसा तुम्हीबी जरा, तेल लावून देते,” असं म्हणा. उन्हात डोकं बघून घ्यायला कुठल्या आजीला आवडत नाही?

जिच्या डोक्यात चालती ऊ सापडेल तिला औषध. तिच्याजवळ एकाच अंथरुणात झोपणाऱ्यालाही त्याच दिवशी औषध. बाकीच्यांना नाही, उगाच सगळ्यांवर बाटल्या रिकाम्या करायची गरज नाही. पण ज्यांना द्यायचं त्यांना एकाच सकाळी द्या. आज थोरलीला, परवा धाकटीला, जावेच्या पोराला पुढच्या आठवड्यात, असं केलं की उवा घरातल्या घरात फिरत राहतात.

भाचीबद्दल एक सांगते. आयुष्यात पहिल्यांदा उवा झाल्या की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. खाज उवेच्या लाळेची असते आणि अंगाला ती ओळखायला वेळ लागतो. भाची आली त्याच आठवड्यात पोरी खाजवायला लागल्या असतील, तर उवा तुमच्या घरात आधीपासून असण्याचीच शक्यता जास्त. कदाचित ती पोरगीच तुमच्या घरून घेऊन गेली असेल. नणंदेला फोन करून कळवा, पण ‘तुझ्या पोरीमुळं’ असं म्हणून नाही. वसतिगृहाच्या अधीक्षिकेलाही कळू द्या, म्हणजे खोलीतल्या सगळ्या मुलींचं एकदम बघता येईल.

तेलाबद्दल आता नीट ऐका, कारण आपल्याकडे औषध वाया जाण्याचं हे मोठं कारण आहे. पोरींचे केस रोज चोपून तेल लावून विंचरलेले असतात. त्या तेलकट केसांवरच लोशन ओतलं तर ते मुळापर्यंत पोचत नाही. आधी साध्या शाम्पूनं तेल पूर्ण काढा. कंडिशनर लावू नका. टॉवेलनं केस टिपून दमट राहू द्या. मग एक टक्क्याचं परमेथ्रिन कानामागून आणि मानेच्या खाचेपासून सुरू करून सगळ्या डोक्याला मुळापासून टोकापर्यंत लावा. या दोन जागी लिखा सगळ्यात जास्त असतात. डोळ्यांवर कपडा धरायला सांगा. दहा मिनिटं थांबा, जास्त नाही. मग पोरीला ओणवं करून फक्त डोकं धुवा, न्हाणीत बसवून अंगावरून पाणी सोडू नका. त्यानंतर दोन दिवस शाम्पू नाही, तेलही शक्यतो नाही. कमरेपर्यंत केस असतील तर एका बाटलीत एकच डोकं होईल. एक बाटली पाच जणांत वाटली की पाचही जणांच्या उवा शिल्लक राहतात, पैसे मात्र गेलेले असतात.

खोक्यावर काय लिहिलंय ते दुकानदाराला विचारून घ्या. ‘उवांचा शाम्पू’ नावानं जे विकतात त्यात नुसत्या वनस्पतींचे अर्क असतील तर त्याच्यावर मी भिस्त ठेवणार नाही. खरजेसाठी जी परमेथ्रिनची मलम मिळते ती पाच टक्क्यांची असते, ती अंगासाठी, डोक्यातल्या उवांसाठी तिचा उपयोग नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला यातलं काहीच लावू नका. त्याच्या डोक्यात असल्याच तर फणीनं काढा.

परमेथ्रिन लावूनही काही ठिकाणी उवा मरत नाहीत, कारण त्यांना त्या औषधाची सवय झालेली असते. तिथे डायमेथिकोनचं लोशन चांगलं. ते विष नाही, उवेच्या अंगावर थर धरून तिला निकामी करतं, म्हणून त्याची सवय व्हायचा प्रश्न फारसा येत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी मी आधी तेच किंवा नुसती फणी सांगते. खोक्यावर लिहिलं असेल तितका वेळ ठेवायचं, काही लोशनं रात्रभर ठेवावी लागतात. फक्त ते लावलेलं असताना चुलीजवळ, दिव्याजवळ, गॅसजवळ जायचं नाही, यातली काही लोशनं पेट घेतात. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईनं हे विसरू नये. आधी भाकरी टाका, मग औषध लावा.

तिसरं औषध आयव्हरमेक्टिन. हत्तीरोगाच्या मोहिमेत तीन औषधं एकत्र देण्याची जी फेरी असते, नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये झाली होती तशी, त्यात हेच असतं. त्या गोळ्यांनंतर ‘उवाबी गेल्या’ असं लोक सांगतात ते खोटं नाही. पण उवांसाठी ही गोळी वजनावर मोजून, आठवड्या-दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा, डॉक्टरच्या चिठ्ठीनंच घ्यायची. पंधरा किलोच्या आतल्या मुलाला आणि गरोदर बाईला नाही. शाळेत वाटतात ती जंताची गोळी वेगळी, तिनं उवा जात नाहीत. हेही मला दर वर्षी विचारतात.

गॅमा बेंझीन हेक्साक्लोराइडची, म्हणजे लिंडेनची जुनी बाटली घरात पडलेली असेल, तर ती लहान मुलांना लावू नका. त्यानं झटके आल्याच्या नोंदी आहेत. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत जगभर बंद करायच्या रसायनांत त्याचा समावेश झाला. चांगली औषधं मिळत असताना त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

फणीचं काम मात्र कुठल्याही औषधाला टळत नाही. आणि घरात पैसे नसतील, बाजारात औषध मिळालं नाही, तर एकटी फणीसुद्धा पुरते, मात्र चिकाटी हवी. साधा कंगवा नाही, बारीक दातांची फणी. लाकडी दुतोंडी चालेल, पण धातूच्या लांब, ताठ दातांची मिळाली तर ती घ्या. प्लास्टिकच्या फणीचे दात वाकतात आणि लीख मधून सटकते. ओल्या केसांना दोन रुपयांच्या पुडीतलं कंडिशनर किंवा भरपूर खोबरेल तेल चोळा. ओल्या, निसरड्या केसांत ऊ पळू शकत नाही. (औषधाच्या दिवशी आधी तेल नको म्हणाले, ते लक्षात ठेवा. फणीसाठी तेल मधल्या दिवसांत.) केसांचे चार भाग करा, बोटाएवढी बट घ्या, फणी कातडीला टेकवून मुळापासून टोकापर्यंत एका दमात ओढा आणि दर वेळी पांढऱ्या कपड्यावर पुसा. काय निघालं ते त्यावर दिसतं. लांब केसांना अर्धा तास लागतो. औषधाच्या पाळ्यांमध्ये एकदा, जमलं तर दोनदा करा. नुसती फणीच वापरायची असेल तर दर तीन-चार दिवसांनी, आणि शेवटची ऊ दिसल्यानंतरही दोन आठवडे.

फणीला न येणारी लीख दोन नखांत धरून केसावरून ओढून काढावी लागते. कोंडा असेल तर फुंकरीनं उडतो, लीख हलत नाही. कातडीला लागून असलेली, मातकट रंगाची लीख जिवंत समजा. केसावर बोटभर खाली सरकलेली पांढरी, चमकणारी बहुधा रिकामं टरफल असते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यावरून ती किती जुनी ते कळतं. म्हणून नुसत्या पांढऱ्या लिखा दिसल्या म्हणून पुन्हा औषध लावायला धावू नका. चालती ऊ दिसली तरच.

हे काम दोघी जावांनी वाटून घ्या. तुम्ही तिच्या पोराचं, तिनं तुमच्या पोरींचं. आपल्या पोरीवर आपण चिडतो, ती रडते, अर्ध्यात सोडून देतो. काकूपुढं पोरी गप बसतात.

आता घरगुती उपायांचं. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते, यात खोटं नाही, म्हणूनच ती चालत आली. पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, आणि डोक्याला लावलेली पूड घामानं, पाण्यानं, झोपेत हात लागून डोळ्यात जातेच. डोळे सुजून, उजेडही सहन न होणारी पोरं डोळ्यांच्या दवाखान्यात येतात. गेलीच डोळ्यात, तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, चोळू नका. कापूर खोबरेलात घालून लावतात. थोडासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, आणि बोटं तोंडात घालणारं पोर घरात असेल तर ते भांडं उघडं ठेवूच नका. डांबरगोळ्यांची पूड तर अजिबात नको. काहींच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य कमी असतं, आपल्याकडच्या आदिवासी भागातही अशी माणसं आहेत. अशा मुलाला डांबरगोळीनं रक्तपेशी फुटून कावीळ होते. रॉकेलबद्दल काही बोलायलाच नको, चूल शेजारी असते. कडुनिंबाचं, करंजीचं तेल लावायचं असेल तर लावा, वासाला तयार असाल तर. फणी फिरवायला त्याची मदत होते, पण त्याच्या भरवशावर बाजाराची पाळी चुकवू नका.

टक्कल केलं तर त्या एका डोक्यातल्या उवा जातील हे खरं. पण घरात डोकी नऊ आहेत. केस बोटभर वाढले की आजीकडून, बहिणीकडून पुन्हा येतील, आणि पोरीला तोवर वर्गात तोंड लपवावं लागेल. लहानग्या पोराचे केस बारीक करायला हरकत नाही. मुलीचे करायचे असतील तर तिला विचारून, खांद्यापर्यंत, फणी फिरवायला सोपे जावेत एवढेच.

अंथरूण-पांघरुणाची फार धास्ती घेऊ नका. ऊ डोक्यावरून पडली की एक-दोन दिवसांत मरते, तिला माणसाच्या रक्ताशिवाय जगता येत नाही. पहिल्या बाजारी उशांचे अभ्रे, पोरींचे स्कार्फ, रिबिनी कढत पाण्यात भिजवून उन्हात टाका. कंगवे आणि फण्याही कढत पाण्यात दहा मिनिटं. गोधड्या धुवायला वेळ नसेल तर बाजूला गुंडाळून ठेवा, तीन दिवस वापरू नका, झालं. घरात फवारा मारायचा नाही, भिंती सारवायच्या नाहीत, कोंबड्या-शेळ्यांना दोष द्यायचा नाही. त्यांच्या अंगावरच्या उवा वेगळ्या, त्या माणसाच्या डोक्यात राहत नाहीत.

धाकटीचं वेगळं बसणं. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. ती चालते, आणि डोक्याला डोकं लागलं की एका केसावरून दुसऱ्यावर जाते. डोक्यातल्या उवांमुळं रोग पसरत नाहीत. ज्या उवांमुळं टायफससारखे रोग पसरतात त्या अंगावरच्या, कपड्यांत राहणाऱ्या, वेगळ्या उवा. आणि रोज न्हाणाऱ्या, स्वच्छ केसांतही डोक्यातल्या उवा तितक्याच सुखानं राहतात, त्यामुळं घाणेरडेपणाचा शिक्का मारायचं कारण नाही. वर्गात एकीला मागे बसवून काही थांबत नाही, कारण मधल्या सुट्टीत त्याच पोरी डोकी एकत्र करून खेळतात. घट्ट दोन वेण्या घालून पाठवा आणि बाईंशी शांतपणे बोला. त्यांना सुचवा की पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर असा निरोप टाका: “येत्या बाजाराच्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या मुलांची डोकी उन्हात बघावी. उवा असतील तर त्याच दिवशी औषध लावावं, पुढच्या दोन बाजारी पुन्हा लावावं. कुणाचंही नाव घेऊ नये.” वर्गातली सगळी घरं एका वारी धरली तर तुमच्या घरातलं काम निम्मं हलकं होतं.

औषधानंतर आठवडा-दोन आठवडे खाज राहू शकते. नुसत्या खाजेवरून पुन्हा औषध लावू नका. औषध लावल्यावर आठ-बारा तासांनी फणी फिरवून बघा: उवा मेलेल्या किंवा मंद, रेंगाळणाऱ्या निघाल्या तर औषध लागू पडलंय. आधीइतक्याच चपळ पळत असतील तर तेच औषध तिसऱ्यांदा विकत घेऊ नका, दुसरं घ्या.

आणि डोक्यात पू झालेल्या पुळ्या, चिकट खपल्या, केसांचा गुंता होऊन घाण वास, मानेमागे दुखणाऱ्या गाठी किंवा ताप असेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिथे जखमेचा इलाज आधी होईल, उवांचं औषध मग. जाताना आजवर लावलेल्या शाम्पूचं खोकं आणि लावल्याच्या तारखा लिहिलेला कागद सोबत न्या.